धोक्याचा इशारा : एका वाहनाकडून दुसऱ्या वाहनाकडे

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणारे आपले पुष्कळ बांधव रात्रीचा प्रवास करतात. कुणी एस.टी.ने, कुणी वस्तीतल्या पंधरा-वीस जणांनी वर्गणी काढून ठरवलेल्या टेम्पोने किंवा जीपने. पूर्वी अशा प्रवासात रस्ता खराब म्हणून गाडी हळू चाले. आता रस्ता चांगला झाला. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. रस्ता सुधारला, वेग वाढला. पण पुढे काय घडले आहे हे चालकाला कळण्याचे साधन मात्र त्याचे दोन डोळेच राहिले. डोळ्यांना दिसत नाही तेव्हा वाहनांनी बिनतारी लहरींवरून एकमेकांना सावध कसे करावे, यावर गेली पंचवीसेक वर्षे जगात संशोधन चालले आहे. त्याची ओळख समाजबांधवांना, विशेषतः विद्यार्थ्यांना करून द्यावी म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

डोळे कसे अपुरे पडतात याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. ११ डिसेंबर १९९० रोजी सकाळी टेनेसी राज्यातील कॅल्हून गावाजवळ ७५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर एकाएकी दाट धुके उतरले. पुढची गाडी दिसेना. कुणी वेग कमी केला, कुणी केला नाही, आणि एकामागून एक वाहने आदळत गेली. एकूण ९९ वाहने त्या अपघातात सापडली. १२ माणसे मरण पावली आणि ४२ जखमी झाली. यातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी अशी की, पहिली टक्कर झाल्यावरही मागून वाहने येऊन आदळतच राहिली. त्यांना पुढची बातमी सांगणारे कोणी नव्हते. पुढील काही वर्षांत तेथील सरकारने त्या टापूत धुके मोजणारी यंत्रे, इशाऱ्याचे फलक आणि प्रसंगानुसार बदलणारी वेगमर्यादा अशी व्यवस्था केली. पण असे फलक काही थोड्या मैलांवर लागतात, आणि धुके कुठेही उतरते.

आता थोडे गणित करू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची मोटार थांबायला आणखी पंचावन्न मीटर लागतात. म्हणजे एकूण शंभरेक मीटर. भरलेला ट्रक असेल, रस्ता ओला असेल, तर याहून पुष्कळ जास्त. समजा, एक किलोमीटरच्या रांगेत पन्नास पन्नास मीटरवर वीस गाड्या आहेत आणि धुक्यामुळे प्रत्येकाला फक्त पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो. प्रत्येक चालकाने एकेक सेकंद घेतला, तरी पहिल्या गाडीची बातमी विसाव्या गाडीपर्यंत जायला वीस सेकंद लागतील. बिनतारी लहर हेच एक किलोमीटर अंतर सेकंदाच्या तीन लाखांशाएवढ्या काळात तोडते. यंत्रांनी संदेश घ्यायला, तपासायला आणि पुढे द्यायला लागणारा वेळ धरला तरी काम पाव सेकंदाच्या आत व्हावे. वीस सेकंद आणि पाव सेकंद यांमधला हा फरक म्हणजे मागच्या गाड्यांतील माणसांचे प्राण होत.

या कामासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरायचे ठरले. या लहरीची लांबी सुमारे पाच सेंटिमीटर असते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९९ साली ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी राखून ठेवला. युरोपने २००८ साली ३० मेगाहर्ट्झचा ठेवला. २०१० साली वाय-फायच्या घराण्यातलेच पण धावत्या वाहनांसाठी बदललेले ८०२.११पी हे तांत्रिक मानक तयार झाले. घरातले वाय-फाय वापरताना आधी जोडणी करावी लागते, परवलीचा शब्द द्यावा लागतो. समोरून दोन गाड्या सुसाट येत असताना असल्या ओळखीला वेळ कुठला? म्हणून या पद्धतीत जोडणीच नाही. वाहन सरळ बोलते आणि सुमारे तीनशे मीटरच्या टप्प्यात जो असेल तो ऐकतो.

वाहन बोलते ते काय? नेहमीचा संदेश छोटा असतो. मी कुठे आहे, कोणत्या दिशेने, किती वेगाने चाललो आहे, ब्रेक लावला आहे का, एवढेच त्यात असते. हा संदेश सेकंदाला दहा वेळा दिला जातो. त्यावरून मागच्या वाहनातील यंत्र हिशेब करत राहते आणि टक्कर होण्याची चिन्हे दिसली की चालकाला आवाज देते. दुसरा संदेश आणीबाणीचा. गाडी आदळली, उलटली किंवा रस्त्यात बंद पडली की तो सुटतो. त्यात घटना कोणती, कुठे, किती वाजता, कोणत्या बाजूच्या रस्त्याला लागू आणि किती वेळ लागू, हे सांगितलेले असते. संदेशाला मरणाची वेळ ठरवून द्यावी लागते, नाहीतर रस्ता मोकळा झाल्यावरही तो फिरत राहील आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवणे सोडून देतील.

नेहमीचा संदेश तीनशे मीटरपर्यंत गेला तरी पुरतो. आणीबाणीचा संदेश मात्र दोन-तीन किलोमीटर मागे जायला हवा. म्हणजे ऐकणाऱ्याने तो पुढे सांगायला हवा. खरी अडचण इथून सुरू होते आणि शास्त्रज्ञांची बहुतेक बुद्धी याच ठिकाणी खर्च झाली आहे.

पहिल्यांदा सुचतो तो उपाय असा : ज्याने ज्याने ऐकले त्याने त्याने एकदा मोठ्याने सांगावे. ऐकायला हे चांगले वाटते. पण तीनशे मीटरच्या टप्प्यात साठ गाड्या असतील तर साठही एकाच क्षणी बोलू लागतील. सभेत मागे आग लागली आणि सारेच एकदम ओरडू लागले तर कुणाचेच शब्द कळत नाहीत, तसाच हा प्रकार. बिनतारी यंत्रात तर तो अधिकच वाईट, कारण एकाच पट्टीवर दोन संदेश एकावर एक पडले की बहुधा दोन्ही नासतात. १९९९ साली तैवानमधील संशोधकांनी फिरत्या बिनतारी जाळ्यांतील या संकटाची नीट मांडणी केली आणि त्याला प्रसारणाचे वादळ असे नाव दिले. हे नाव पुढे रूढ झाले. बोलण्यापूर्वी ऐकावे, दुसरा बोलत असेल तर थांबावे, हा नियम या यंत्रांना असतोच. पण त्याने पूर्ण भागत नाही. अ आणि क ही वाहने एकमेकांच्या टप्प्याबाहेर असतील तर अ ला क चे बोलणे ऐकू येत नाही. दोघेही एकदम बोलतात आणि मधल्या ब ला मात्र दोघांचा गोंधळ ऐकू येतो. शिवाय संदेश सर्वांना उद्देशून असल्यामुळे ‘मिळाला’ अशी पोच कुणीच देत नाही. सर्वांनी पोच द्यायची म्हटले तर तेच पुन्हा एक वादळ होईल!

यावर निघालेला तोडगा फार साधा आहे आणि आम्हाला तो फार आवडतो. सर्वांनी बोलू नये. ज्याच्या बोलण्याने संदेश सर्वांत लांब जाईल त्याने बोलावे. पण तो कोण, हे ठरवायला वेळ नाही, पंच नाही, यादी नाही. मग प्रत्येक वाहन स्वतःच हिशेब करते. संदेशात पाठवणाऱ्याचे ठिकाण असते आणि स्वतःचे ठिकाण उपग्रहावरून कळते. दोन्हींतले अंतर काढायचे आणि जितके अंतर कमी तितके जास्त थांबायचे.

आकड्यांनी पाहू. तीनशे मीटरच्या टप्प्याचे साठ साठ मीटरचे पाच भाग करा आणि एका पायरीचा वेळ पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, धरा. जी गाडी २४० ते ३०० मीटर मागे आहे ती थांबणारच नाही, लगेच बोलेल. १८० ते २४० मीटरवरची पाच मिलिसेकंद थांबेल. अगदी जवळची, साठ मीटरच्या आतली, वीस मिलिसेकंद थांबेल. लांबची गाडी बोलली की पुढच्या सर्व गाड्यांना तो संदेश पुन्हा ऐकू येतो. त्यावरून आपले काम झाले असे समजून त्या आपली पाळी रद्द करतात. साठ गाड्यांपैकी एक-दोनच बोलल्या आणि संदेश जवळजवळ तीनशे मीटर मागे सरकला. तिथून तोच प्रकार पुन्हा. एक किलोमीटरला अशा चार उड्या पुरतात. मूळ बोलणाऱ्यालाही आयती पोच मिळते : आपलाच संदेश दुसऱ्याच्या तोंडून परत ऐकू आला म्हणजे तो पुढे गेला. नाही ऐकू आला तर तो थोड्या वेळाने पुन्हा सांगतो. सर्वांत लांबची गाडी काही कारणाने गप्प राहिली तरी बिघडत नाही. पाच मिलिसेकंदांनी तिच्या अलीकडची बोलतेच. दोन गाड्या शेजारी शेजारी, एकाच अंतरावर असतील तर त्या एकदम बोलण्याची भीती उरते. त्यासाठी प्रत्येकीच्या थांबण्यात चिठ्ठी टाकल्यासारखा एक लहानसा फेरफार करतात.

बोलण्याचा अधिकार आहे म्हणून लगेच बोलू नये, आपल्या बोलण्याचा उपयोग होईल का ते पाहून बोलावे, असा हा नियम. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्त ज्यांनी वाचले असेल त्यांना यात काही ओळखीचे वाटेल. बोलणे खरे आणि हिताचे असले तरी तथागत त्याची योग्य वेळ पाहतात, असा तेथे विवेक सांगितला आहे. यंत्राला अर्थात विवेक नसतो. तो नियम लिहिणाऱ्या माणसात असावा लागतो.

आता गर्दीचा प्रश्न. नेहमीचा एक संदेश हवेत साधारण अर्धा मिलिसेकंद जागा घेतो. सेकंदाला दहा म्हणजे एका गाडीला पाच मिलिसेकंद. अशा दोनशे गाड्या एका टप्प्यात आल्या की सेकंद संपला, तोही सर्वांनी अगदी शिस्तीने एकामागून एक बोलले तर! सुटीच्या दिवशी द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यावर तीनशे मीटरच्या आत दोनशेहून अधिक वाहने सहज असतात. म्हणून गर्दी जाणवली की यंत्रांनी आपले नेहमीचे बोलणे कमी करावे, दहाऐवजी पाच किंवा दोन वेळाच बोलावे, आणि आणीबाणीच्या संदेशाला आधी वाट द्यावी, अशी व्यवस्था करावी लागते. रुग्णवाहिकेला आपण रस्ता देतो, तसे हवेतही करायचे.

रात्री दोन वाजता याच्या नेमके उलट घडते. रस्ता रिकामा असतो. अपघात झालेल्या गाडीच्या मागे तीनशे मीटरपर्यंत कोणीच नाही, मग संदेश सांगायचा कुणाला? अशा वेळी पलीकडच्या बाजूने उलट दिशेला जाणारे वाहन कामी येते. ते संदेश ऐकते, जवळ ठेवते आणि पुढे जाता जाता समोरून येणाऱ्या वाहनांना देते. समजा, अपघाताकडे येणारा ट्रक चार किलोमीटरवर आहे आणि तो व निरोप घेऊन निघालेली गाडी दोन्ही ताशी ८० किलोमीटरने चालली आहेत. तर दीड मिनिटात, अपघातापासून दोन किलोमीटर अलीकडे, त्यांची गाठ पडेल. ट्रकचालकाजवळ सावध व्हायला आणखी दीड मिनिट शिल्लक राहील. पूर्वी खेड्यात वाटसरूच्या हाती निरोप धाडत, त्यातलाच हा प्रकार. मिलिसेकंदांची भाषा इथे लागू नाही, पण उपयोग तितकाच मोठा.

आपल्या प्रदेशात घाट हा आणखी एक विषय आहे. पाच सेंटिमीटरची लहर डोंगराला वळसा घालून फारशी जात नाही. कसारा किंवा खंडाळा घाटातल्या नागमोडी वळणावर, जिथे इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच वाहन वाहनाला ऐकू येत नाही. मध्ये उंच कंटेनर आला तरी मागच्या मोटारीचा टप्पा घटतो. अशा ठिकाणी वळणाच्या टोकावर खांब उभारून त्यावर संदेश झेलून पुढे देणारे यंत्र बसवावे लागते. इगतपुरीजवळच्या समृद्धीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासारख्या ठिकाणी तर उपग्रहाचा संकेतच पोहोचत नाही. तेथे आपण कुठे आहोत हे वाहनाला कळण्याची वेगळी सोय हवी. ठिकाण चुकले तर वर सांगितलेला अंतराचा सारा हिशेबच कोसळतो.

संदेश खरा कशावरून, हाही प्रश्न आहेच. ‘पुढे अपघात’ असा खोटा संदेश सोडून कुणी खोडसाळ माणूस अख्खा महामार्ग थांबवील. म्हणून प्रत्येक संदेशावर गणिती पद्धतीची सही असते आणि ती अधिकृत यंत्राचीच आहे हे ऐकणारे वाहन तपासते. पण सही नेहमी एकच राहिली तर तिच्यावरून कोणती गाडी कुठे कुठे गेली याचा माग काढता येईल. यासाठी अमेरिकेत आखलेल्या व्यवस्थेत प्रत्येक वाहनाला आठवड्यासाठी वीस टोपणनावांची प्रमाणपत्रे देण्याची योजना होती. ती बदलत बदलत वापरायची. खरेपणाची खात्री हवी आणि नावही उघड व्हायला नको, या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या हे सोपे काम नव्हे.

इतके सारे जमले, मग जगभर हे यंत्र गाड्यांत का नाही? कारण हे यंत्र एकट्याला उपयोगाचे नाही. सीटबेल्ट लावणाऱ्याला स्वतःला वाचवतो, शेजारच्याने लावला नाही तरी. इथे सांगणाऱ्याकडेही यंत्र हवे आणि ऐकणाऱ्याकडेही. दहांतल्या एका गाडीत यंत्र असेल तर कोणत्याही दोन गाड्यांत ते असण्याची शक्यता शंभरात एक. म्हणून कुणी आधी पैसे घालायला तयार होत नाही आणि सरकारला सक्ती करावी लागते. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये अशा सक्तीचा प्रस्ताव मांडला गेला. तो बारगळला आणि २०२३ मध्ये अधिकृतपणे मागे घेतला गेला. दरम्यान, वाय-फायच्या घराण्यातली पद्धत वापरावी की मोबाईलच्या घराण्यातली, यावर मोटार कंपन्या आणि दूरसंचार कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. २०२० साली अमेरिकी आयोगाने ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ सर्वसाधारण वाय-फायसाठी काढून दिले आणि उरलेले ३० मोबाईल पद्धतीच्या वाहनसंदेशांसाठी ठेवले. दोघांच्या भांडणात रस्त्यावरच्या माणसाचा पट्टा कमी झाला, असे आमचे मत आहे. युरोपात फोक्सवॅगनने गोल्फच्या आठव्या पिढीपासून हे यंत्र मोटारीत बसवायला सुरुवात केली, जपानमध्ये टोयोटाने २०१५ पासून. महागड्या मोटारींतून ते हळूहळू झिरपत आहे.

आणि इथे आपला प्रश्न येतो. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्यांत दर पाचांपैकी तीन जण असे की, नव्या मोटारीतले हे यंत्र त्यांच्या हाती कधीच येणार नाही. वर्गणी काढून ठरवलेला जुना टेम्पोही त्यांच्याच पंगतीत. यंत्र नव्या मोटारींपुरतेच राहिले तर रस्त्यावर ऐकू येणारे आणि ऐकू न येणारे असे दोन वर्ग पडतील, आणि दुसऱ्या वर्गात कोण असेल हे सांगायला नको. म्हणून जुन्या वाहनाला बाहेरून जोडता येईल असे स्वस्त यंत्र, दुचाकीवाल्याच्या फोनवर येणारा इशारा, आणि यंत्र नसलेल्यालाही दिसेल असा रस्त्याकडेचा फलक, यांचा विचार पहिल्यापासून व्हायला हवा. फोनची वाट अशक्य नाही. २०२३ साली सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा अनेकांचे फोन एकाच वेळी मोठ्याने वाजले होते, ते आठवत असेल. त्यात टॉवर आपल्या टापूतल्या सर्व फोनना एकदम संदेश देतो. पण ते काम सरकारी कार्यालयातून सुटणाऱ्या इशाऱ्याचे आहे. पन्नास मीटर पुढे या क्षणी ब्रेक लागला, हे सांगण्याइतकी चपळाई त्यात नाही.

अभियांत्रिकीत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही एवढेच सुचवू की, वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. रस्त्यावरची रहदारी संगणकावर उभी करणारी ‘सुमो’ ही जर्मन अवकाश संस्थेची आज्ञावली आणि बिनतारी जाळे उभे करणारी ‘एनएस-३’ या दोन्ही फुकट मिळतात. परदेशी प्रबंधांत बहुधा सरळ, चौपदरी आणि शिस्तीची रहदारी गृहीत धरलेली असते. मधूनच घुसणारी दुचाकी, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, बंद दिव्यांची बैलगाडी हे सारे त्या हिशेबात घालून थांबण्याचा नियम टिकतो का ते पाहिले, तर ते नवे काम ठरेल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे यांच्या धोरणात खोल शिरले होते. तांत्रिक विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही.

तोवर प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी वरच्याच गणितातून निघणारी एक गोष्ट. गाडी महामार्गावर बंद पडली तर चारही इंडिकेटर लावावेत आणि सर्व माणसांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे करावे. लाल त्रिकोण मात्र गाडीला टेकून ठेवू नये. ताशी शंभरने येणाऱ्या मोटारीला थांबायला शंभरेक मीटर लागतात, ट्रकला त्याहून जास्त. म्हणून त्रिकोण निदान दीडशे मीटर मागे हवा. कठड्याच्या बाहेरून चालत मोजली तर ती साधारण दोनशे पावले भरतात. घाटात वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला आधी दिसेल असा ठेवावा. मग ११२ क्रमांकाला आणि कोणी जखमी असेल तर १०८ ला फोन करून रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि कोणत्या दिशेची बाजू, या दोन गोष्टी आधी सांगाव्यात. निघण्यापूर्वी त्रिकोण गाडीत आहे की नाही, हे चालकाला विचारून घ्यावे.